राल्फ बंच : आजीच्या हट्टापासून संयुक्त राष्ट्रांपर्यंत

६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर, नाहीतर आपापल्या गावातल्या विहारात बाबासाहेबांना अभिवादन करतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, ९ डिसेंबरला, आणखी एका मोठ्या माणसाचा स्मृतिदिन येतो. त्यांचे नाव डॉ. राल्फ बंच. नोबेल पुरस्कार मिळवणारे ते जगातील पहिले कृष्णवर्णीय. आपल्या चळवळीला मार्टिन ल्यूथर किंग माहीत आहेत, माल्कम एक्स माहीत आहेत. ब्लॅक पँथरवरून तर आपण आपल्या संघटनेचे नाव घेतले. राल्फ बंच यांचे नाव मात्र आपल्या भाषणांत, पुस्तिकांत क्वचितच येते.

त्याला एक कारण आहे. बंच मोर्चाचे नेते नव्हते. ते आंतरराष्ट्रीय राजकारणात काम करणारे अधिकारी होते. फायली, करारांचे मसुदे, बंद खोलीतल्या वाटाघाटी हे त्यांचे मैदान. आपल्या तरुणांना हे क्षेत्र परके वाटते. पदवी हातात पडली की एमपीएससी, पोलीस भरती, बँक, शिक्षकभरती आणि हिंमत असेल तर यूपीएससी, एवढेच रस्ते आपल्याला दिसतात. परराष्ट्र सेवा, संयुक्त राष्ट्रे, आंतरराष्ट्रीय संस्था हे इंग्रजी शाळेत शिकलेल्या, दिल्ली-मुंबईत वाढलेल्या घरांतल्या मुलांचे काम, असे आपण मनाशी ठरवून टाकलेले असते. म्हणून यंदा ९ डिसेंबरच्या निमित्ताने एका न्हाव्याचा मुलगा या क्षेत्रात कसा शिरला, ते नीट पाहावे असे आम्हाला वाटते. त्यांच्या हुशारीचे कौतुक बरेच झाले आहे. त्यांच्यासाठी दरवाजे कोणी उघडले आणि कोणी बंद केले, हे आपल्या अधिक कामाचे आहे.

आजीने मुख्याध्यापकांना गाठले

राल्फ बंच यांचा जन्म ७ ऑगस्ट १९०४ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात झाला. वडील फ्रेड हे केशकर्तनाचा व्यवसाय करत. आई ऑलिव्ह यांची प्रकृती नाजूक होती. कोरड्या हवेचा उपयोग होईल म्हणून कुटुंब न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क येथे आले, पण १९१७ मध्ये आई गेली. वडील कामाच्या शोधात बाहेर पडले ते कायमचे दुरावले. राल्फ आणि त्यांची धाकटी बहीण यांना आजीने पदराखाली घेतले. तिचे नाव ल्यूसी जॉन्सन. घरात सगळे तिला नाना म्हणत.

नाना गुलामगिरीच्या काळात जन्मलेली बाई. तिचा वर्ण इतका उजळ होता की गोरी म्हणून ती सहज खपून गेली असती. तिने तसे कधी केले नाही. आपण कोण आहोत हे लपवायचे नाही आणि त्यापायी मानही खाली घालायची नाही, हे तिने नातवंडांना शिकवले. आडनाव बदलून, वस्ती सोडून, जात झाकून जगण्याचा मोह आपल्या समाजालाही ओळखीचा आहे. त्यामुळे नानाचा हा निश्चय किती अवघड होता हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

कुटुंब लॉस एंजेलिसला आले तेव्हा शाळेने राल्फला कामधंद्याचे शिक्षण देणाऱ्या वर्गात घातले होते. कृष्णवर्णीय मुलाला कॉलेजात थोडेच जायचे आहे, असा शाळेचा हिशोब. नानाने शाळा गाठली आणि माझा नातू कॉलेजात जाणार आहे, त्याला त्या तयारीचे विषय द्या, असे बजावले. विषय बदलले. बंच यांच्या साऱ्या आयुष्याचा रस्ता वळवणारा प्रसंग कोणता असे विचारले, तर आम्ही हाच सांगू. पुढचे हार्वर्ड, संयुक्त राष्ट्रे, नोबेल हे सगळे या एका भेटीनंतरचे आहे. कोणत्या मुलाने काय शिकावे हे त्याचा वर्ण पाहून, जात पाहून ठरवणारी शाळा आपल्याकडेही आहे. तिच्या दारात जाऊन प्रश्न विचारणारे माणूस घरात असावे लागते. घरात नसेल तर वस्तीत असावे लागते.

१९२२ मध्ये राल्फ जेफरसन हायस्कूलमधून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. तरीही शहरातील गुणवंत विद्यार्थ्यांच्या मंडळात त्यांना घेतले नाही, कारण रंग. एवढा मोठा अपमान त्या वयात सोसून ते कॉलेजात दाखल झाले. आज यूसीएलए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. खेळाची शिष्यवृत्ती मिळाली, बाकीच्या खर्चासाठी त्यांनी तिथेच झाडलोट केली. त्याआधी वर्तमानपत्रे विकली होती, एका सिनेनटाच्या घरी घरकाम केले होते, गालिचे अंथरणाऱ्या कंपनीत मजुरी केली होती. १९२७ मध्ये ते सर्वोच्च श्रेणीत आणि पुन्हा वर्गात पहिले येऊन पदवीधर झाले.

महिला मंडळाचे एक हजार डॉलर

पदवीनंतर हार्वर्ड विद्यापीठाने राज्यशास्त्राच्या एम.ए.साठी शिष्यवृत्ती दिली. पण शिष्यवृत्ती म्हणजे सगळा खर्च नव्हे. लॉस एंजेलिसहून देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचे भाडे, तिथले राहणे, जेवण, पुस्तके हे कुठून आणायचे? तेव्हा लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका मंडळाने पुढाकार घेतला आणि समाजातून एक हजार डॉलर गोळा करून दिले. १९२७ साली ही रक्कम लहान नव्हती, आणि ती देणारी माणसे श्रीमंत नव्हती.

आमचे काम वस्त्यांमध्ये आहे. तिथली महिला मंडळे आम्ही जवळून पाहतो. रमाई जयंती, वर्षावास, भीमजयंती यांसाठी घरोघरी फिरून वर्गणी काढणाऱ्या बाया कोणत्याही संस्थेपेक्षा काटेकोर हिशोब ठेवतात. लॉस एंजेलिसच्या त्या बायकांनी केले ते आपल्या बायकांना जमण्यासारखे आहे. फरक इतकाच की त्यांनी तो पैसा एका मुलाच्या पदव्युत्तर शिक्षणाला द्यायचे ठरवले.

१९२८ मध्ये बंच एम.ए. झाले आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवायला आले. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचे नामांकित विद्यापीठ. तिथे त्यांनी राज्यशास्त्राचा विभाग उभा केला. समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन फ्रेझियर, अर्थशास्त्रज्ञ अब्रॅम हॅरिस असे सहकारी त्यांना तिथे मिळाले. १९३० मध्ये रूथ हॅरिस यांच्याशी विवाह झाला. शिकवता शिकवता हार्वर्डमध्ये पीएच.डी.चे काम चालू राहिले.

आपला प्रश्न जगाच्या नकाशावर

पीएच.डी.च्या विषयाची निवड आपण ध्यानात घ्यावी अशी आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीवर लिहिणे त्यांना सोपे होते. त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील टोगोलँड आणि दाहोमे हे फ्रेंचांच्या ताब्यातले दोन प्रदेश निवडले. टोगोलँड पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली फ्रान्सकडे आला होता. दाहोमे ही साधी वसाहत होती. आंतरराष्ट्रीय देखरेखीमुळे तिथल्या माणसाच्या जगण्यात काही फरक पडतो का, हा त्यांचा प्रश्न होता. रोझेनवाल्ड फंडाच्या फेलोशिपवर त्यांनी आफ्रिकेत जाऊन अभ्यास केला. १९३४ मध्ये हार्वर्डने त्यांना डॉक्टरेट दिली. अमेरिकन विद्यापीठातून राज्यशास्त्रात पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होते.

१९३६ मध्ये त्यांचे वंशभेदावरचे छोटे पुस्तक आले. वंशश्रेष्ठत्वाची कल्पना ही आर्थिक शोषणावर टाकलेली झूल आहे आणि अमेरिकेतला वर्णभेद व आफ्रिका-आशियातली वसाहतशाही एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल निग्रो काँग्रेस या संघटनेच्या संस्थापकांत बंच होते. याच सुमारास संशोधनासाठी त्यांना आणखी एक फेलोशिप मिळाली. त्या आधारे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मानववंशशास्त्र शिकले. समाजशास्त्राच्या पुस्तकात आपण ज्यांचे नाव वाचतो ते मॅलिनोव्स्की तिथे त्यांचे शिक्षक होते. लंडनमध्येच जोमो केन्याटा यांच्याकडून ते स्वाहिली शिकले. हेच केन्याटा पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९३७ मध्ये बंच यांनी दक्षिण आफ्रिका आणि पूर्व आफ्रिकेचा प्रवास केला. परत आल्यावर स्वीडिश अभ्यासक गुन्नार मिर्दाल यांच्यासोबत अमेरिकेच्या वर्णप्रश्नावरील प्रसिद्ध अभ्यासात काम केले. हजारो पानांची टिपणे तयार केली, दक्षिणेकडील राज्यांत फिरून साक्षी गोळा केल्या.

हा सगळा प्रवास बाबासाहेबांच्या वाटेशी किती जुळतो पाहा. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियात गेले, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. त्यांनीही केवळ आपल्या समाजाच्या दुःखावर लिहून थांबणे पत्करले नाही. रुपया, प्रांतिक वित्त, राज्यघटना हे विषय त्यांनी घेतले, आणि त्या ज्ञानाच्या बळावर समाजाचा प्रश्न मांडला. आपल्या समाजाचा प्रश्न जगातल्या मोठ्या प्रश्नांच्या रांगेत उभा करायचा असेल, तर ते मोठे प्रश्न आधी आपल्याला इतरांपेक्षा चांगले कळावे लागतात.

दुसऱ्या दरवाजाने

त्या काळी अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत कृष्णवर्णीयांना शिरणे जवळपास अशक्य होते. क्लिफ्टन व्हार्टन हे कृष्णवर्णीय गृहस्थ १९२५ मध्ये परीक्षा देऊन सेवेत आले. त्यांची पहिली नेमणूक लायबेरियात झाली. नंतरही बराच काळ कॅनरी बेटे, मादागास्कर, अझोर्स असल्याच ठिकाणी त्यांना ठेवले गेले. म्हणजे परीक्षा पास झालात तरी नेमणूक रंग पाहून. परीक्षेचा दरवाजा असा अरुंद होता.

बंच त्या दरवाजाने गेलेच नाहीत. दुसरे महायुद्ध पेटले आणि अमेरिकेला आफ्रिकेची माहिती असणारा माणूस हवा झाला. गोऱ्या अधिकाऱ्यांत असे लोक फार थोडे. १९४१ मध्ये बंच यांना युद्धकाळातील गुप्त माहिती व संशोधनाच्या सरकारी विभागात वसाहतींचे तज्ज्ञ म्हणून घेतले गेले. १९४४ मध्ये ते परराष्ट्र खात्यात आले. तिथे कृष्णवर्णीयाला इतक्या जबाबदारीचे काम त्यापूर्वी दिले गेले नव्हते. ज्या विषयाच्या अभ्यासाला पंधरा वर्षे कोणी फारसे विचारले नव्हते, त्याच विषयाने त्यांना आत नेले.

१९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली. अमेरिकेच्या शिष्टमंडळासोबत बंच तिथे होते. परतंत्र प्रदेश आणि विश्वस्त प्रदेश यांविषयीच्या प्रकरणांवर त्यांनी काम केले. पीएच.डी.त विचारलेला प्रश्न आता सनदेच्या कलमांत उतरत होता. लवकरच ते संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात गेले आणि विश्वस्त विभागाचे संचालक झाले.

इथे एक गोष्ट आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावी. १९४६ मध्ये नॅशनल निग्रो काँग्रेसने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली. ते वाचून बाबासाहेबांनी विद्वान नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या निवेदनाच्या प्रती मागवल्या, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तसाच मांडता येईल का याचा ते विचार करत होते. डु बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर दिले. ही तीच संघटना, जिच्या स्थापनेत बंच होते. तोवर त्यांनी तिच्यातून अंग काढून घेतले होते आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या कामाला लागले होते. दोघांची भेट झाली असे नाही. पण बाबासाहेबांची नजर १९४६ मध्येच जिनिव्हा-न्यूयॉर्ककडे लागली होती, हे आपण विसरून चालणार नाही.

ऱ्होड्स बेटावरचे दिवस

१९४७ मध्ये पॅलेस्टाईनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे आला आणि बंच त्या समितीच्या सचिवालयात गेले. समितीत बहुमत आणि अल्पमत असे दोन तट पडले. दोन्ही अहवालांचे मसुदे लिहायला सदस्यांना बंच यांचीच लेखणी लागली. १९४८ मध्ये युद्ध सुरू झाले. संयुक्त राष्ट्रांनी स्वीडनचे काउंट बर्नाडोट यांना मध्यस्थ नेमले, बंच त्यांचे मुख्य सहकारी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये एका ज्यू अतिरेकी गटाने बर्नाडोट यांना गोळ्या घातल्या. शेजारी बसलेला फ्रेंच कर्नलही मारला गेला. त्या गाडीत बंच असायचे होते, प्रवासात खोळंबा झाल्याने ते वाचले. दुसऱ्याच क्षणापासून मध्यस्थाची जबाबदारी त्यांच्यावर आली.

जानेवारी १९४९ मध्ये ऱ्होड्स बेटावरच्या एका हॉटेलात बोलणी सुरू झाली. इजिप्त आणि इस्रायलचे प्रतिनिधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला तयार नव्हते. बंच यांनी आधी फक्त विषयपत्रिकेवर सह्या घेतल्या. कशावर तरी दोघांची सही झाली म्हणजे पुढच्या सहीची सवय लागते, हा त्यांचा अनुभव. रात्र रात्र ते या खोलीतून त्या खोलीत फिरत, एकेक शब्द बदलून आणत. त्यांनी स्थानिक कारागिरांकडून प्रतिनिधींसाठी आठवणीच्या चिनी मातीच्या बशा आधीच करून घेतल्या होत्या. बोलणी अडली की त्या दाखवत आणि करार झाला नाही तर याच तुमच्या डोक्यावर फोडीन, अशी थट्टेने धमकी देत. २४ फेब्रुवारीला इजिप्तशी, २३ मार्चला लेबनॉनशी, ३ एप्रिलला जॉर्डनशी आणि २० जुलैला सीरियाशी इस्रायलचा युद्धविराम करार झाला.

१९५० मध्ये नोबेल जाहीर झाले तेव्हा शांततेचे काम बक्षिसासाठी केलेले नाही, म्हणून ते नाकारावे असे त्यांच्या मनात आले होते. सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी संस्थेच्या हितासाठी ते घ्यायला लावले. हा गौरव सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते युद्धविराम होते, तह नव्हते. लाखो पॅलेस्टिनी निर्वासितच राहिले आणि आजही त्या भूमीवर शांतता नाही. मुत्सद्दी माणूस गोळीबार थांबवू शकतो. न्याय द्यायचा की नाही हे बड्या सत्ता ठरवतात. या क्षेत्रात जाणाऱ्याने ही मर्यादा आधीच ओळखलेली बरी.

बढती नाकारली, त्यामागे घर आणि शाळा

१९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी बंच यांना परराष्ट्र खात्यात सहायक मंत्र्याचे पद देऊ केले. बंच यांनी नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये वर्णभेद होता. कृष्णवर्णीयाला कुठेही घर मिळत नसे. आधी तिथे राहत असताना घराजवळची शाळा गोऱ्यांसाठी असल्याने त्यांच्या मुलींना शहराच्या दुसऱ्या भागातल्या शाळेत न्यावे लागे. जगातले तंटे मिटवणाऱ्या माणसाला आपल्या देशाच्या राजधानीत मानाने राहता येत नव्हते.

हे वाचून आपल्याला १९१७ चे बडोदा आठवल्याशिवाय राहत नाही. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिपाई कागद लांबून टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकून लावले आणि नोकरी सोडावी लागली. शिष्यवृत्ती माणसाला दारापर्यंत नेते. आत टिकायचे तर घर, शाळा, सहकारी, जेवणाचे टेबल हे सगळे लागते. भरतीचे आकडे मोजणारे आपण या गोष्टी मोजायला विसरतो.

बंच यांना पुढेही चटके बसतच राहिले. १९५४ मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून त्यांची निष्ठा तपासणारी चौकशी झाली. नॅशनल निग्रो काँग्रेसमधले जुने दिवस उकरून काढले गेले. चौकशी मंडळाने त्यांना निर्दोष ठरवले. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका नामवंत टेनिस क्लबने त्यांना व त्यांच्या मुलाला सदस्यत्व नाकारले. बोभाटा झाल्यावर क्लबने माफी मागून सदस्यत्व देऊ केले. आपल्या प्रतिष्ठेमुळे मिळणारे आणि सामान्य कृष्णवर्णीयाला न मिळणारे सदस्यत्व त्यांनी घेतले नाही.

निळ्या शिरस्त्राणाची फौज

संयुक्त राष्ट्रांत बंच शेवटपर्यंत राहिले. १९५६ च्या सुएझ संकटात पहिली सशस्त्र शांतिसेना उभारण्याचे काम त्यांनी काही दिवसांत केले. निळी शिरस्त्राणे तेव्हापासूनची. त्या सेनेत भारतीय जवानही होते. पुढे काँगो आणि सायप्रस येथील मोहिमा त्यांनी हाताळल्या. १९६० मध्ये १७ नवे देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य झाले, त्यांतले १६ आफ्रिकेचे. त्यात टोगो आणि दाहोमेही होते. ज्या दोन परतंत्र प्रदेशांवर या माणसाने प्रबंध लिहिला, ते दोन स्वतंत्र देश म्हणून त्याच्या डोळ्यांदेखत सभागृहात येऊन बसले.

१९६१ पासून त्यांचे वरिष्ठ होते सरचिटणीस ऊ थांट. हे ब्रह्मदेशाचे, निष्ठावान बौद्ध. गुलामांच्या वंशातला एक आणि वसाहतीत जन्मलेला बौद्ध दुसरा, असे दोघे मिळून दहा वर्षे जगातल्या आगी विझवत होते. बौद्ध तरुणांना याचा अभिमान वाटायला हवा.

साठच्या दशकात कृष्णवर्णीयांच्या जहाल गटांनी बंच यांच्यावर कडक टीका केली. गोऱ्यांच्या व्यवस्थेत सामावलेला माणूस, असा त्यांचा आरोप होता. माल्कम एक्स यांनीही ती टीका केली. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याला उघड बोलण्यावर बंधने असतात आणि त्याचे मौन समाजाला बोचते. पण १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात बंच होते. १९६५ मध्ये प्रकृती बिघडलेली असताना सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चात किंग यांच्यासोबत पुढच्या रांगेत चालले. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेली. ९ डिसेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. वय ६७.

आपले दरवाजे

बंच गेल्यानंतर अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने त्यांच्या वाटेची पक्की सडक केली. हॉवर्ड विद्यापीठात त्यांच्या नावाचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे राहिले. या केंद्रामार्फत चार्ल्स रँगेल यांच्या नावाचा फेलोशिप कार्यक्रम राबवला गेला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पदवीधर निवडायचा, त्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाला पैसा द्यायचा, संसदेत आणि परदेशातील वकिलातीत काम शिकवायचे आणि मग किमान पाच वर्षे परराष्ट्र सेवेत ठेवायचे. पिकरिंग फेलोशिपही याच धर्तीची. पैसा, अनुभव, मार्गदर्शक आणि नोकरी या चारही गोष्टी एका साखळीत. नाना, महिला मंडळ, हार्वर्ड आणि युद्धाची गरज यांतून बंच यांना जे योगायोगाने मिळाले, ते पुढच्या पिढीला रांगेत उभे राहून मिळावे, अशी ही सोय. हे कार्यक्रम अमेरिकन नागरिकांसाठी आहेत. आपल्याला त्यांची नक्कल नको, रचना हवी.

आपल्याकडे तुकडे आहेत, साखळी नाही. भारतीय परराष्ट्र सेवेचा दरवाजा यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून उघडतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात मिळतात. तरीही फॉर्म भरताना परराष्ट्र सेवेला वरचा पसंतीक्रम देणारी आपली मुले आम्हाला कमी भेटतात. याच सेवेत १९४९ मध्ये केरळातील एका गरीब दलित कुटुंबातले के. आर. नारायणन दाखल झाले. चीन आणि अमेरिकेत राजदूत झाले, पुढे राष्ट्रपती झाले. तेही टाटा शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले होते.

परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या योजनेतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताशी संबंधित सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे जातीचा अभ्यास करायला बाहेर जाण्याची वाट अरुंद झाली. त्याविरुद्ध लढायचे आहेच. पण आंतरराष्ट्रीय कायदा, मानवी हक्क, स्थलांतर, हवामानबदल, व्यापार हे विषय घेऊन जाणारी मुलेही तयार करायला हवीत. बंच टोगोलँडवर शिकले आणि त्यातूनच आपल्या माणसांच्या प्रश्नापर्यंत पोहोचले. संयुक्त राष्ट्रांची ३२ वर्षांपर्यंतच्या पदवीधरांसाठी युवा व्यावसायिकांची परीक्षा असते. कोणत्या देशांचे उमेदवार घ्यायचे ही यादी दरवर्षी बदलते. ती दरवर्षी पाहणारा एक तरी माणूस प्रत्येक जिल्ह्यात असावा. आंतरराष्ट्रीय संबंधांचे पदव्युत्तर शिक्षण दिल्लीच्या जेएनयूत मिळते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. इंग्रजीसोबत फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकायला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात करता येते.

याची गरज काय, असे कोणी विचारील. २००१ मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारित भेदभावाबाबत शिफारस क्रमांक २९ काढली आणि जातीचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. हे लढून मिळाले. पण अशा कागदाचा मसुदा लिहिणाऱ्या टेबलाच्या त्या बाजूला आपली माणसे किती आहेत? बाहेरून निवेदन देणारे हवेतच. ते निवेदन आत स्वीकारणारा, समजणारा, पुढे सरकवणाराही हवा.

म्हणून विहार समित्यांना आणि महिला मंडळांना आमची एक विनंती आहे. येत्या वर्षी जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढा. पाच-दहा मंडळे एकत्र येऊन तालुक्यातला एक पदवीधर, शक्यतो मुलगी, निवडा. तिच्या दिल्लीच्या प्रवेशपरीक्षेचे शुल्क, भाषेचा वर्ग, परदेशी अर्जांचा खर्च, पासपोर्ट, विमानाचे पहिले तिकीट एवढा भार उचला. शिष्यवृत्ती उशिरा जमा होते, ते सुरुवातीचे सहा महिने सांभाळा. आणि दहावीनंतर कोणत्या मुलाला कोणत्या शाखेत ढकलले जात आहे, हे शाळेत जाऊन विचारणाऱ्या दोन बाया प्रत्येक वस्तीत नेमा. नानाने तेवढेच केले होते.

जय भीम, नमो बुद्धाय.